बँडसॉचा भुसा पकडायचा कुठे?

लाकूडकामाच्या दुकानात टेबल सॉ किंवा सँडर सुरू झाला की धूळ डोळ्यांना दिसते, अंगावर येते, आणि मग तिच्यावर उपायही शोधले जातात. बँडसॉ मात्र सुटून जातो. त्याचे पाते वरून खाली धावते, भुसा टेबलाखाली पडतो आणि काम करणाऱ्याच्या पुढ्यात फारसे काही उरत नाही. संध्याकाळी यंत्राखालचा ढीग झाडून पोत्यात भरला की आवराआवर झाली, असा सर्वसाधारण समज. त्या ढिगाला पहिल्यापासून गिऱ्हाईक आहे. भुशाच्या शेगड्या होत्या तेव्हा वखारीतला भुसा घरोघरी जायचा. आज तो वीटभट्टीला किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला जातो. पण पोत्यात भरला जातो तो जड भुसा. माणसाच्या छातीत जाणारी भुकटी त्या ढिगात नसतेच, ती अजून हवेत असते.

ती किती असते याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. सागाची 150 मिलिमीटर रुंद आणि 1 मीटर लांब फळी बँडसॉवर उभी चिरली आणि पात्याची चीर 1 मिलिमीटर धरली, तर 150 घन सेंटिमीटर लाकडाचा भुसा होतो. वजनात तो जवळजवळ 100 ग्रॅम भरतो. आता 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 3 मीटर उंच असे छोटे दुकान घ्या. त्यात 60 घनमीटर हवा मावते. युरोपीय संघाने हार्डवुडच्या धुळीसाठी जानेवारी 2023 पासून लागू केलेली मर्यादा आहे घनमीटरला 2 मिलिग्रॅम, आठ तासांच्या पाळीची सरासरी धरून. म्हणजे त्या दुकानात 120 मिलिग्रॅम धूळ तरंगत राहिली तरी मर्यादा गाठली जाते. एक फळी चिरताना पडलेल्या भुशाचा हा साधारण आठशेवा भाग. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस तर याहून कडक, 1 मिलिग्रॅमची आहे.

आणि ही धूळ लवकर खाली बसत नाही. 10 मायक्रॉनचा लाकडाचा कण स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला दहा-बारा मिनिटे घेतो, 1 मायक्रॉनच्या कणाला बारा तासही पुरत नाहीत. यंत्र बंद करून तोंडावरचा रुमाल काढायचा आणि चहा घ्यायचा, तीच वेळ श्वासाच्या दृष्टीने वाईट असते.

या धुळीचे गांभीर्य उशिरा उमगले. इंग्लंडमधले हाय विकम हे पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या बनवणारे गाव. तिथल्या फर्निचर कारागिरांमध्ये नाकाच्या पोकळीचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग पुन्हा पुन्हा आढळतो, हे 1960 च्या दशकात कान-नाक-घसा शल्यविशारद एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आले. डोनाल्ड अ‍ॅचेसन आणि हॅडफील्ड यांच्यासह सहकाऱ्यांचा अभ्यास 1968 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पुढे 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकले, म्हणजे माणसात कर्करोग घडवते याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. कर्करोग दूरचा वाटला तर जवळचे त्रासही आहेत. साग आणि शिसव यांच्या भुशाने कातडीला खाज सुटते, चट्टे उठतात, हे जुन्या सुतारांना कोणी सांगावे लागत नाही. परदेशातून येणाऱ्या वेस्टर्न रेड सीडरमधल्या प्लिकॅटिक आम्लामुळे दमा जडतो, हे तर पक्के सिद्ध झालेले आहे.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार मोठा डस्ट कलेक्टर आणण्याचा असतो. बँडसॉच्या बाबतीत हा विचार निम्माच बरोबर आहे. या यंत्रावर धूळ किती जोराने ओढता याच्या आधी ती कुठून ओढता हे ठरते, आणि कारखान्यातून आलेल्या पुष्कळ यंत्रांवर ओढण्याची जागाच चुकलेली असते.

याचे मूळ यंत्राच्या इतिहासात सापडते. विल्यम न्यूबेरी यांनी इंग्लंडमध्ये 1808 साली या करवतीचे पेटंट घेतले तेव्हा टिकाऊ सलग पाते बनवता येत नव्हते. फ्रान्समधल्या अ‍ॅन पोलिन क्रेपँ यांनी 1846 मध्ये पात्याची टोके जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि मग ही करवत कारखान्यांत रुजली. आज जगभरच्या छोट्या दुकानांत दिसणारा 14 इंची, ओतीव सांगाड्याचा बँडसॉ हा अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीच्या 1930 च्या दशकातल्या नमुन्याचा वंशज. धुळीचा विचार त्या रचनेत मागाहून शिरला. आपल्याकडच्या वखारींत तर खालचे चाक बहुधा जमिनीखालच्या खड्ड्यात फिरते आणि भुसा त्याच खड्ड्यात साचतो.

भुशाचा प्रवास एकदा नीट पाहायला हवा. 14 इंची यंत्राचे पाते सेकंदाला सुमारे 15 मीटर वेगाने खाली धावते. दातांमधल्या खाचांत भरलेला भुसा लाकडाच्या खालच्या कडेतून बाहेर पडतो, टेबलातल्या चकतीच्या फटीतून खाली जातो आणि खालच्या गाईड बेअरिंगांवर आदळतो. टेबलाची खालची बाजू आणि चाकाचे झाकण यांच्यामध्ये बहुतेक यंत्रांवर चार बोटांची मोकळी जागा असते. भुशाचा पहिला हप्ता तिथूनच बाहेर उडतो, काम करणाऱ्याच्या मांड्यांवर आणि चपलांवर. उरलेला पात्याबरोबर चाकाच्या कोठीत शिरतो. चाकाला वळसा घालताना त्यातला बराचसा तळाशी फेकला जातो, थोडा पाते आणि चाकावरचे रबर यांच्यात चेपला जातो, आणि खाचांत अडकून राहिलेला पात्याबरोबर वर चढून वरच्या कोठीतून पुन्हा टेबलावर सांडतो. लाकूड ओले किंवा चिकाचे असेल तर हा शेवटचा हिस्सा वाढतो.

धूळ ओढण्याचे तोंड मात्र बहुधा खालच्या कोठीच्या तळाच्या कोपऱ्यात किंवा मागच्या बाजूला असते. म्हणजे सगळा उत्पात होऊन गेल्यावर उरलेसुरले गोळा करणारे. शिवाय त्या कोठीच्या दाराला, आसाला, पात्याच्या वाटेला सगळीकडे फटी. पंखा हवा ओढतो ती जवळच्या फटींतून. टेबलावरच्या चिरेपर्यंत त्याची ओढ पोहोचतच नाही.

मग पाइपाचे तोंड पात्याशेजारी टांगले तर? हा प्रयोग अनेक जण करतात आणि फसतात. उघड्या पाइपाच्या तोंडापासून एक व्यास अंतरावर हवेचा वेग जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येतो. फुंकर मारून हातभर लांबचे निरांजन विझते, पण श्वास आत ओढून ते विझवता येत नाही, तसेच हे. 100 मिलिमीटर पाइपाच्या तोंडाशी सेकंदाला 20 मीटर वेग असला तरी तोंडापासून 10 सेंटिमीटरवर तो 2 मीटर उरतो. समोरून 15 मीटर वेगाने सुटलेला कण अशा मंद हवेने वळत नाही. त्यामुळे तोंड भुशाच्या वाटेतच बसवावे लागते आणि भोवतीची जागा शक्य तितकी झाकून टाकावी लागते. बँडसॉवरच्या सगळ्या यशस्वी सुधारणांमागे हे एकच तत्त्व आहे.

म्हणून पहिली आणि सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे टेबलाखालची पेटी. चार बोटांची ती मोकळी जागा प्लायवूडच्या छोट्या पेटीने बंद करायची, पाते आणि खालची बेअरिंगे तिच्या पोटात घ्यायची आणि पेटीच्या एका बाजूला पाइप जोडायचा. हे ऐकायला सोपे असले तरी करताना तीन अडचणी येतात. टेबल 45 अंशांपर्यंत कलते, तेव्हा पेटी त्याच्या कमानीला अडता कामा नये; म्हणून ती टेबलाला न जोडता सांगाड्याला जोडणे बरे, आणि वरच्या कडेला रबराची किंवा ब्रशची झालर लावली की टेबल कलल्यावरही फट फारशी उघडत नाही. पाते बदलताना पेटी चटकन निघायला हवी. लोहचुंबक किंवा दोन पंखनट पुरतात. तिसरी गोष्ट सुरक्षेची आहे. पात्यालगतचा भाग लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचाच असावा. पाते सरकले तर लोखंडाच्या पत्र्यावर दातही जातात आणि ठिणगीही पडते.

पेटी झाली तरी हवा कुठून येणार, हा प्रश्न उरतोच. टेबलातली चकती पात्याभोवती अगदी घट्ट असेल तर वरची धूळ खाली ओढली जाणार नाही. चकतीला पात्याभोवती पाच-सहा भोके पाडली की टेबलावरची हवा तिथूनच खाली शिरते आणि काप घेताना वर उडणारी भुकटी बरोबर नेते. भोके इतकी मोठी नकोत की छोटा तुकडा अडकेल. त्याच वेळी खालच्या कोठीच्या दाराच्या कडेला फोमची पट्टी चिकटवायची. नको तिथली फट बुजवणे आणि हवी तिथली उघडणे, ही दोन्ही कामे जोडीने झाली तरच गुण येतो. नुसते सील करत सुटले तर पंखा गुदमरतो आणि पाइपातला वेग पडतो. हवा खरेच कुठून शिरते हे पाहायला पेटलेली उदबत्ती पुरते. भुसा झाडून, यंत्र बंद ठेवून नुसता पंखा चालू करायचा आणि धुराची रेघ प्रत्येक फटीपाशी न्यायची. भुसा असलेल्या जागी मात्र पेटती वस्तू नेऊ नये.

खालच्या कोठीतले मूळ तोंड बंद करायचे का? नाही. पेटीतून निसटलेला भुसा तिथेच जातो. अमेरिकेत औद्योगिक वायुवीजनाचे जे हस्तपुस्तक प्रमाण मानतात, त्यात 2 इंचांपर्यंतच्या पात्याच्या बँडसॉसाठी दोन ठिकाणी ओढ सांगितली आहे: प्रत्येकी 350 घनफूट प्रतिमिनिट, एकूण 700. घनमीटरच्या हिशेबात ते तासाला सुमारे 1200 भरतात. सेकंदाला 20 मीटर वेगाने 100 मिलिमीटर पाइपातून तासाला साधारण 565 घनमीटर हवा जाते. म्हणजे दोन तोंडांना 100 मिलिमीटरचे दोन फाटे आणि त्यांना सामावणारा 150 मिलिमीटरचा मुख्य पाइप, हे गणित नीट जुळते. अलीकडच्या काही मोठ्या बँडसॉंना कारखान्यातूनच अशी दोन तोंडे येतात.

छोट्या दुकानाला हे सगळे परवडेलच असे नाही. तिथे व्हॅक्यूम क्लीनर की डस्ट कलेक्टर, हा वाद कायम चालतो. दोघांचा स्वभाव वेगळा. व्हॅक्यूमची ओढ तीव्र पण हवा थोडी, तासाला शे-दोनशे घनमीटर. कलेक्टरची ओढ सौम्य पण हवा भरपूर. त्यामुळे व्हॅक्यूम खालच्या कोठीच्या रुंद तोंडाला जोडला तर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, पण पात्यालगतच्या छोट्या, घट्ट पेटीला जोडला तर 10 किंवा 12 इंची यंत्रावर चांगला चालतो. उलट कलेक्टर घेऊन त्याचा पाइप शेवटी 50 मिलिमीटरवर आणला तर पैसे पाण्यात गेले. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते, आणि तेवढीच हवा ढकलायला घर्षणाचा अडथळा सुमारे बत्तीसपट होतो. वळ्यांचा लवचीक पाइपही गुळगुळीत पाइपापेक्षा दुप्पट-तिप्पट अडवतो, म्हणून तो यंत्राजवळ हातभर ठेवावा आणि बाकी सरळ पाइप टाकावा. खोक्यावर छापलेला हवेचा आकडा बहुधा पाइप आणि पिशवी न जोडता मोजलेला असतो, हेही खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे.

सर्वांत स्वस्त सुधारणा पात्यातच आहे, आणि तिच्याकडे आश्चर्य वाटावे इतके दुर्लक्ष होते. बोथट पाते लाकूड कापत नाही, घासते, आणि घासण्यातून भुकटी होते. इंचाला तीन दातांचे धारदार पाते जाड चिरकामात भुशाचे टपोरे कण पाडते. असे कण जड असतात, खाली जातात आणि सहज पकडले जातात. बारीक दातांच्या पात्याने जाड फळी चिरली तर खाचा भरून वाहतात आणि उरलेला भुसा चिरेतच दळला जातो. लाकूड फार हळू सरकवले तरी तेच होते. खालच्या चाकाला लागून एक ताठ ब्रश बसवला तर रबरावर भुशाचा थर बसत नाही आणि पाते जागेवरून हलत नाही. यात एका विजेच्या युनिटचाही खर्च वाढत नाही.

पकडलेल्या धुळीचे करायचे काय, इथे आपली परिस्थिती युरोप-अमेरिकेपेक्षा वेगळी आहे, आणि तिथले सल्ले जसेच्या तसे उचलू नयेत. थंड देशात दुकान गरम ठेवावे लागते. ओढलेली हवा बाहेर सोडली तर उष्णताही बाहेर जाते, म्हणून ते हवा गाळून पुन्हा आत घेतात आणि मग सायक्लोन, प्लीटेड फिल्टर, हेपा असा खर्च चढत जातो. महाराष्ट्रात किंवा गोव्यात दुकान गरम करायचा प्रश्नच नाही. कलेक्टर भिंतीबाहेर, पत्र्याच्या छपराखाली ठेवला तर 30 मायक्रॉनच्या साध्या कापडी पिशवीतून निसटणारी भुकटी निदान दुकानात परत येत नाही. तोच कलेक्टर दुकानाच्या कोपऱ्यात ठेवला तर ती पिशवी भुकटी गाळून, वेगळी काढून सगळ्या खोलीत पसरवते. धूळ दिसेनाशी होते, संपत नाही. अर्थात, बाहेर शेजाऱ्याची खिडकी असेल तर हा मार्ग बंद. तिथे 1 मायक्रॉनपर्यंत गाळणारी दाट पिशवी किंवा फिल्टर घ्यावाच लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात पिशवी रोज रिकामी करावी, दमट भुसा तिच्यात घट्ट बसतो आणि हवा अडते.

आगीचा विषयही याच ओघात येतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2012 साली तीन महिन्यांच्या अंतराने दोन सॉ मिलमध्ये लाकडाच्या धुळीचे स्फोट झाले: 20 जानेवारीला बर्न्स लेकमध्ये, 23 एप्रिलला प्रिन्स जॉर्जमध्ये. दोन्हीकडे प्रत्येकी दोन कामगार दगावले. इंग्लंडमधल्या बॉस्ली इथल्या लाकडाची पूड करणाऱ्या गिरणीत जुलै 2015 मध्ये स्फोटाने चार जणांचा बळी घेतला. छोट्या दुकानात एवढी धूळ साचत नाही, पण एक सवय मात्र तिथेही घातक आहे: त्याच बँडसॉवर मधूनच लोखंडाची पट्टी कापणे. ठिणगी खालच्या कोठीतल्या भुशात पडते, पंखा चालू असेल तर पिशवीपर्यंत जाते, आणि तासाभराने, दुकान बंद झाल्यावर धुमसू लागते. लाकडाचा भुसा ओढणाऱ्या यंत्रावर धातू कापू नये. दिवसअखेर कॉम्प्रेसरची हवा मारून यंत्र साफ करण्याची पद्धतही सोडायला हवी. खाली बसलेली सगळी भुकटी त्या एका फवाऱ्याने पुन्हा हवेत जाते.

एवढे करूनही काही धूळ सुटणारच, म्हणून मास्क हवा. तो एन 95 किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असावा. गळ्यातला पंचा बारीक भुकटी अडवत नाही. पण मास्क ही शेवटची फळी. शेजारी पॉलिश करणारा आणि दुकानात येणारे गिऱ्हाईक तो लावत नाहीत.

सुधारणा झाली की नाही, हे मोजता येते. अंधार करून, प्रखर टॉर्च यंत्राच्या पलीकडून आपल्या दिशेने धरायचा आणि काप घ्यायचा: एरवी न दिसणारी धूळ झोतात चमकते आणि कुठून निसटते ते कळते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याची ‘डस्ट लॅम्प’ पद्धत याच तत्त्वावर आहे. हवेतले सूक्ष्म कण मोजणारी छोटी उपकरणेही मिळतात. त्यांचा नेमका आकडा प्रमाण मानू नये, पण पेटी लावण्याआधीचे आणि नंतरचे वाचन शेजारी ठेवले तर फरक स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे या बाबतीत नियमच नव्हता असे नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 14 व्या कलमात सांगितले होते की धूळ ओढण्याची सोय धूळ निर्माण होते त्या जागेच्या शक्य तितकी जवळ असावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. टेबलाखालच्या पेटीचे तत्त्वच तिथे शब्दांत मांडलेले होते. पण चार-पाच माणसांचे सुतारीचे दुकान अशा कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि बहुसंख्य बँडसॉ तर अशाच दुकानांत चालतात. तिथे तपासनीस पोहोचण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. बदल यंत्रातूनच यायला हवा.

म्हणून आर्जव दोघांना आहे. बँडसॉ बनवणाऱ्या देशी कारखान्यांनी टेबलाखाली पात्यालगत 100 मिलिमीटरचे एक तोंड मूळ रचनेतच द्यावे. साच्यात बदल करायला फार खर्च येत नाही, आणि नंतर प्लायवूड कापत बसण्यापेक्षा ते कितीतरी नेटके होईल. आणि यंत्र घेणाऱ्याने मोटरची अश्वशक्ती विचारण्याआधी खाली वाकून टेबलाखाली पाहावे, तिथे तोंड नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की कारखाने देऊ लागतील.